सार्वजनिक ग्रंथालयांचे निःशुल्क उपक्रम : बिगरसभासद वाचकाच्या दृष्टीने एक विवेचन

बीजसंज्ञा : सार्वजनिक ग्रंथालय, विस्तारसेवा, निःशुल्क उपक्रम, सभासदत्व, मुक्तद्वार वाचन विभाग, सहायक अनुदान

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही चालत्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या फलकावर वर्षभर कार्यक्रमाची काही ना काही सूचना लागलेली आढळते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्टला डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, १४ ते २० नोव्हेंबर या काळात राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह अशी ही साखळी असते. त्याशिवाय दिवाळी अंकांचे प्रदर्शन, व्याख्यानमाला आणि उन्हाळ्याच्या सुटीतील बालवाचक शिबिर हे उपक्रम ठिकठिकाणी होतात. सूचनेच्या अखेरीस बहुधा ‘प्रवेश विनामूल्य’ आणि ‘सर्वांना आग्रहाचे निमंत्रण’ हे शब्द असतात. हे शब्द उपचार म्हणून लिहिले जातात आणि उपचार म्हणूनच वाचले जातात. प्रस्तुत लेखात मात्र त्यांचाच विचार करावयाचा आहे.

त्यामागचे कारण असे की, महाराष्ट्रातील ग्रंथालये कायद्याच्या भाषेत ‘सार्वजनिक’ असली तरी त्यांची मुख्य सेवा, म्हणजे ग्रंथ घरी नेण्याची सोय, बहुतांश ठिकाणी अनामत रक्कम व मासिक वर्गणी भरणाऱ्या सभासदापुरतीच असते. ज्याने वर्गणी भरलेली नाही अशा नागरिकाला ग्रंथालयात दोनच गोष्टी मोकळेपणाने मिळतात : वृत्तपत्रांचा मुक्तद्वार वाचन विभाग आणि निःशुल्क उपक्रम. म्हणून अशा उपक्रमाला ग्रंथालयाच्या कामाची शोभा किंवा पुरवणी मानणे योग्य ठरत नाही. ग्रंथालयाच्या बाहेर असलेल्या माणसासाठी तो आत येण्याचा जवळजवळ एकमेव दरवाजा आहे, आणि त्याची आखणी व मोजणी त्याच दृष्टीने व्हावयास हवी.

विस्तारसेवेची संकल्पना

ग्रंथालयशास्त्रात अशा उपक्रमांना ‘विस्तारसेवा’ ही संज्ञा रूढ आहे. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळवून देण्याविषयीचे आहे, आणि विस्तारकार्याचा विचार त्यांनी या सूत्राच्या संदर्भात केला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. व्याख्यान, कथाकथन किंवा प्रदर्शन हे ग्रंथालयात का होते, तर कपाटात पडून असलेल्या ग्रंथाची आणि त्याच्या संभाव्य वाचकाची गाठ पडावी म्हणून होते. हेच व्याख्यान एखाद्या मंगल कार्यालयात झाले असते तर जे घडले असते तेवढेच ग्रंथालयात घडत असेल, तर त्याला विस्तारसेवा म्हणणे कठीण आहे. ते चांगले व्याख्यान असू शकेल, इतकेच.

युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनामा प्रथम १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९७२, १९९४ व २०२२ मध्ये त्याची नवी रूपे आली. १९९४ च्या जाहीरनाम्यात सार्वजनिक ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः निःशुल्क असावी आणि तिची आर्थिक जबाबदारी स्थानिक व राष्ट्रीय शासनाने उचलावी, अशी भूमिका आहे. येथे ‘निःशुल्क’ याचा अर्थ केवळ तिकीट नसणे एवढा नाही. पैशाखेरीज संकोच हाही एक अडसर असतो. उंच पायऱ्या, काचेचा दरवाजा, कपाटांना कुलूप आणि ‘आपण सभासद आहात काय?’ हा पहिला प्रश्न, यांनी अनेक माणसे उंबऱ्यावरूनच परत जातात. अमेरिकेत बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या मुख्य प्रवेशद्वारावर ‘सर्वांसाठी विनामूल्य’ या अर्थाची अक्षरे दगडात कोरलेली आहेत. १८९५ मध्ये उघडलेल्या त्या इमारतीच्या निर्मात्यांना हा संकोच ठाऊक असावा.

बडोदे संस्थानातील प्रयोग

निःशुल्क उपक्रम आणि ग्रंथालय यांचा संबंध आपल्याकडे प्रथम पद्धतशीरपणे जोडला गेला तो बडोदे संस्थानात. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. शाळेतून बाहेर पडलेले मूल चार-पाच वर्षांत अक्षरे विसरते, ही अडचण लवकरच ध्यानात आली. शिकलेले टिकविण्यासाठी ग्रंथालय हवे, हा विचार त्यातून दृढ झाला. १९१० मध्ये महाराजांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले. १९१३ पर्यंत ते तेथे होते. मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग आणि ग्रामीण ग्रंथालयांचे जाळे यांची उभारणी या काळात सुरू झाली. त्यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे काम पुढे नेले, आणि १९१९ मध्ये या चळवळीवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

या योजनेतील दोन अंगे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहेत. पहिले अंग फिरत्या ग्रंथालयाचे. मजबूत लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके भरून त्या गावोगावी पाठविल्या जात, आणि वाहतुकीचा खर्च संस्थान सोसत असे. गावाला पेटीची जबाबदारी घेणारा एखादा शिक्षक किंवा पाटील तेवढा लागे. दुसरे अंग दृक्‌शिक्षणाचे. जादूचा कंदील व चलच्चित्राचे यंत्र घेऊन ग्रंथालय खात्याची माणसे गावात जात आणि चावडीसमोर किंवा देवळाच्या पटांगणात मोफत खेळ दाखवीत. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यासाठीही ग्रंथालयाकडे काहीतरी असले पाहिजे, हे तत्त्व त्यात गृहीत होते. आजच्या परिभाषेत त्याला समुदायाभिमुख उपक्रम म्हणता येईल. त्या वेळी त्याला असे भारदस्त नाव नव्हते, परंतु काम तेच होते.

खेळ पाहावयास जमलेल्या गावकऱ्यांना ग्रंथालय काढण्याचा मार्गही उघडा होता. ग्रामग्रंथालयाच्या खर्चाचा एक तृतीयांश वाटा लोकांनी उभा केला तर एक तृतीयांश प्रांत पंचायत व एक तृतीयांश संस्थान देत असे. म्हणजे करमणुकीने गर्दी जमली, पेटीने पुस्तकांची चव लागली आणि वाट्याच्या योजनेने गावात कायमचे ग्रंथालय उभे राहण्याची शक्यता निर्माण झाली. या तीन पायऱ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. आजच्या उपक्रमांत पहिली पायरी बहुतेक ठिकाणी असते. दुसरी क्वचित दिसते आणि तिसरीचा विचारही होत नाही.

दिल्लीचा पथदर्शी प्रकल्प

स्वातंत्र्यानंतर युनेस्को व भारत सरकार यांच्या सहकार्याने दिल्ली पब्लिक लायब्ररी हा प्रकल्प सुरू झाला. २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. वर्गणी न घेता ग्रंथ देणे, बालकांसाठी स्वतंत्र विभाग, फिरते वाहन, आणि समाजशिक्षण विभागामार्फत व्याख्याने, चर्चामंडळे, नाट्यप्रयोग व चित्रपट अशी तिची रचना होती. नवसाक्षर प्रौढ हा तिच्या नजरेसमोरचा एक प्रमुख वाचक होता. येथे कार्यक्रम आणि सभासदत्व दोन्ही निःशुल्क असल्याने चर्चामंडळात आलेला माणूस त्याच संध्याकाळी पुस्तक घेऊन घरी जाऊ शकत होता. महाराष्ट्रातील ग्रंथालयात असा माणूस पावतीपुस्तकापाशी थांबतो. हा फरक दिसावयास लहान आहे, परिणामाने नव्हे.

महाराष्ट्रातील वर्गणीची परंपरा आणि कायदा

महाराष्ट्राची परंपरा वेगळ्या मुशीतून आली. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८) येथील जुनी ग्रंथालये ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या प्रकारची होती. इंग्रज अधिकारी आणि स्थानिक सुशिक्षित यांच्या वर्गणीवर ती उभी राहिली. पुण्याच्या ग्रंथालयाच्या स्थापनेत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा पुढाकार होता. ठाण्यात १८९३ मध्ये व मुंबईत १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली तीही लोकांच्या देणग्या व वर्गणी यांच्या बळावर. या परंपरेचे श्रेय मोठे आहे. शासनाची वाट न पाहता गावाने आपले ग्रंथालय स्वतः चालविले आणि ते आपले मानले. त्याचबरोबर ग्रंथालय म्हणजे वर्गणीदारांची संस्था, ही समजूतही तिनेच रुजविली.

ग्रंथालयाबाहेर मात्र खुल्या ज्ञानव्यवहाराची परंपरा जोमदार होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिच्या धर्तीवर पुढे अनेक गावांत व्याख्यानमाला निघाल्या. त्यांतील काही ग्रंथालयांनी चालविल्या, आजही चालवितात. सभा सर्वांची आणि कपाट सभासदांचे, अशी ही दुहेरी रीत मराठी ग्रंथालयांत दीर्घकाळ सुखाने नांदत आली आहे.

कायद्याच्या बाबतीत कोल्हापूर संस्थान अग्रेसर होते. तेथे १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा झाला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत होऊन १ मे १९६८ पासून अमलात आला. मद्रास (१९४८) व कर्नाटक (१९६५) यांच्या कायद्यांत ग्रंथालय उपकराची तरतूद झाली, गोव्याच्या १९९३ च्या कायद्यानेही उपकराचा मार्ग स्वीकारला. महाराष्ट्राच्या कायद्यात ती नाही. येथे नोंदणीकृत संस्थांनी चालविलेल्या ग्रंथालयांना शासन मान्यता देते, अ, ब, क, ड अशी वर्गवारी करते आणि त्यानुसार सहायक अनुदान देते. अशी अकरा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये राज्यात आहेत. उपकर नसल्याने नागरिकाने ग्रंथालयासाठी थेट काही दिलेले नसते. साहजिकच ग्रंथालयालाही ‘तू दिलेस, आता घे’ असे त्याला म्हणता येत नाही.

२०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला. तरीही लहान वर्गातील ग्रंथालयाचे अनुदान सेवकाचे वेतन, ग्रंथखरेदी, वृत्तपत्रे आणि वीजबिल यांतच संपते. कार्यक्रमासाठी स्वतंत्र रक्कम उरत नाही. मग वक्त्याचा प्रवासखर्च एखादा विश्वस्त देतो, चहा कोणाच्या घरून येतो आणि ध्वनिक्षेपक गणेशमंडळाचा असतो. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या (स्थापना १९७२) साहाय्य योजनांत चर्चासत्रे व ग्रंथप्रदर्शने यांना स्थान आहे, परंतु प्रस्ताव तयार करण्याइतके मनुष्यबळ ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात क्वचितच असते. तेथे बहुधा एकच ग्रंथपाल असतो आणि तोच झाडलोटही करतो.

उपक्रमांचे प्रत्यक्ष स्वरूप

या पार्श्वभूमीवर प्रचलित उपक्रमांकडे पाहिले असता कोणता उपक्रम नव्या माणसाला आत आणतो आणि कोणता जुन्याच माणसांना पुन्हा भेटवितो, हे बरेचसे स्पष्ट होते. जयंती-पुण्यतिथीचा कार्यक्रम दुसऱ्या प्रकारात मोडतो. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, प्रास्ताविक आणि आभार यांत तास निघून जातो. पहिल्या दोन ओळींत कार्यकारी मंडळ, मागे शाळेतून आणलेली मुले. ज्यांच्या जयंतीनिमित्त हे सारे घडते त्यांचे एखादे पुस्तक टेबलावर चाळण्यासाठी ठेवलेले असतेच असे नाही. कार्यक्रम सकाळी अकराला ठेवण्याची प्रथाही पाहुण्यांच्या सोयीची आहे. मोलमजुरी करणाऱ्या, दुकानात नोकरी करणाऱ्या किंवा शेतावर गेलेल्या माणसाला ती वेळ आपोआप वगळते.

दिवाळी अंकांचे प्रदर्शन हे याचे उलट उदाहरण होय. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या अंकांनी मराठी घरात जी जागा मिळविली आहे तिला इतर भाषांत तोड सापडणे कठीण. शंभर-सव्वाशे अंक विकत घेणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहे. ग्रंथालय ते सारे एका लांब टेबलावर मांडते तेव्हा एरवी न फिरकणारी माणसे येतात, उभ्याउभ्या अनुक्रमणिका पाहतात, व्यंगचित्रांवर हसतात, राशिभविष्य तर हमखास उघडतात. येथे वस्तू हातात घेता येते, कोणी प्रश्न विचारीत नाही आणि भाषण नसते. प्रदर्शन संपल्यावर मात्र तेच अंक सभासदांच्या दिवाळी अंक योजनेत जातात. प्रदर्शनाच्या दिवसांतच त्या जागी बसून वाचण्याची सोय, संध्याकाळी दोन तास का होईना, ठेवली तर बिगरसभासदाला एखादी कथा पूर्ण करता येईल. त्यासाठी लागतात चार बाके आणि एक दिवा.

बालविभागाचा विचार अधिक काळजीने व्हावयास हवा. मूल स्वतः वर्गणी भरत नाही, पालकाच्या इच्छेवर ते अवलंबून असते. म्हणून बालवाचकांसाठीचा निःशुल्क उपक्रम हा अनेक मुलांचा ग्रंथालयाशी येणारा पहिला संबंध ठरतो. न्यूयॉर्क येथे १९०६ पासून अॅन कॅरॉल मूर यांनी बालविभागाची जी घडी बसविली तिच्यात कथाकथनाला मानाचे स्थान होते, आणि सांगितलेली गोष्ट मुलाला पुस्तकापर्यंत घेऊन जावी हा त्यामागचा हेतू होता. आपल्याकडील सुटीतील शिबिरांत चित्रकला, हस्ताक्षर, ओरिगामी, पाककला आणि किल्लेबांधणी यांची रेलचेल असते. हे सारे चांगले आहे, परंतु आठ दिवसांच्या शिबिरात मुलाने एकही पुस्तक हाती न घेता घरी जावे, हे ग्रंथालयाच्या शिबिराला शोभत नाही. शिबिरापुरते तात्पुरते सभासदत्व अनामत रकमेशिवाय दिले, तर काही पुस्तके हरवतील हे खरे. दाखलखारीज करताना लेखापरीक्षक शेरा मारील, या भीतीने पुस्तके कुलपात ठेवण्यापेक्षा ते परवडणारे आहे. अर्थात तो शेरा ग्रंथपालाच्या माथी बसू नये, यासाठी कार्यकारी मंडळाने अशा हानीची ठरावीक मर्यादा ठरावाद्वारे आधीच मान्य करून ठेवणे आवश्यक ठरते.

महिलांच्या बाबतीत परंपरेने स्वतःच एक वाट काढली आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवात पुस्तकाचे वाण देण्याची प्रथा अनेक गावांत सुरू झाली, काही ठिकाणी पुस्तक भिशीही चालते. ग्रंथालयाने अशा समारंभास जागा दिली तर स्त्रिया निमंत्रित म्हणून येतात, सभासदत्वाची चौकशी करण्याचा संकोच त्यांना पडत नाही. मात्र हळदीकुंकवाला विधवा स्त्रीला न बोलाविण्याची रूढी सार्वजनिक अनुदानावर चालणाऱ्या वास्तूत पाळली जाता कामा नये. जात, धर्म वा लिंग यांवरून भेद न करण्याचे बंधन मान्य करणाऱ्या संस्थेने ‘सर्व महिलांसाठी’ हे शब्द निमंत्रणावर स्पष्टपणे छापावेत.

अभ्यासिका हे आजच्या ग्रंथालयाचे सर्वाधिक गजबजलेले दालन आहे. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी पहाटेपासून रात्रीपर्यंत तेथे बसतात आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी मासिक शुल्क भरतात. गंमत अशी की, ग्रंथालयात सर्वांत अधिक तास घालविणारा हा वर्ग ग्रंथालयाचे पुस्तक सर्वांत कमी वापरतो, कारण तो आपली पुस्तके बरोबर आणतो. त्यांच्यासाठी निवड झालेल्या अधिकाऱ्यांची मार्गदर्शनपर व्याख्याने होतात व त्यांना गर्दीही होते. ज्याला अभ्यासिकेचे शुल्क परवडत नाही असा विद्यार्थी त्या व्याख्यानाला येतो, टिपणे काढतो आणि निघून जातो. त्याच्यासाठी काही आसने निःशुल्क राखून ठेवणे हा व्याख्यानाइतकाच महत्त्वाचा उपक्रम ठरेल.

माहितीपर उपक्रमांची क्षमता याहून मोठी आहे, परंतु तिचा वापर अल्प होतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ अन्वये तालुका पातळीवर विधी सेवा समित्या काम करतात व कायदेविषयक शिबिरे घेतात. अशा शिबिराला ग्रंथालयाइतकी तटस्थ जागा गावात दुसरी नसते. सातबाऱ्यावरील नोंद, निवृत्तिवेतनाचा अर्ज, भ्रमणध्वनीवरून होणाऱ्या बँकव्यवहारातील फसवणूक, पीकविमा या प्रश्नांसाठी आलेला माणूस वाचक म्हणून आलेला नसतो. त्याला हवे असते उत्तर. ते उत्तर सोप्या मराठीत देणारी पुस्तिका त्याच टेबलावर असेल तर ग्रंथालय ही आपल्याही कामाची जागा आहे, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी सुरू झालेला ‘पुस्तकांचे गाव’ हा प्रकल्प ग्रंथालय कायद्याच्या चौकटीतील नाही. तरीही त्याचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. घरांच्या ओसरीत, निवासस्थानांत व देवळात मांडलेली पुस्तके तेथे कोणीही बसून विनामूल्य वाचू शकतो. ग्रंथालयात येणाऱ्याची वाट पाहण्याऐवजी माणसे जेथे असतात तेथे पुस्तक नेण्याची बडोद्याची कल्पनाच तेथे नव्या रूपात दिसते. पर्यटकांचा ओघ असलेल्या पाचगणीच्या परिसरात जे साधते ते प्रत्येक गावात साधेल असे नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारतळावर दोन तास पुस्तकांचे टेबल लावणे मात्र कोणत्याही तालुक्याच्या गावी शक्य आहे.

नोंदीचा प्रश्न

उपक्रम झाला याचा पुरावा म्हणून ग्रंथालये उपस्थितांच्या सह्या, छायाचित्रे आणि वृत्तपत्रांतील कात्रणे जपून ठेवतात. वार्षिक अहवालात कार्यक्रमांची यादी येते. अनुदानासाठीच्या वर्गवारीत प्रामुख्याने ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके, सेवक अशा मोजता येणाऱ्या गोष्टींना महत्त्व असल्याने उपक्रमाची गुणवत्ता तपासण्याची गरज कोणालाच भासत नाही. ऐंशी सह्या म्हणजे यशस्वी कार्यक्रम, हे समीकरण पक्के झाले आहे. त्या ऐंशींपैकी सत्तर जण सभासद किंवा आणलेले विद्यार्थी असतील, तर ग्रंथालयाचा दरवाजा त्या दिवशी दहा जणांसाठीच उघडला.

सध्याच्या उपस्थिती नोंदवहीत आणखी तीन रकाने आखले तर चित्र बदलू शकते : उपस्थित व्यक्ती सभासद आहे की नाही, ती पूर्वी या ग्रंथालयात आली होती काय, आणि पुढील तीन महिन्यांत ती पुन्हा आली काय. पहिले दोन रकाने दारातच भरता येतील, तेही नाव विचारण्याची सक्ती न करता, केवळ खूण करून. तिसऱ्यासाठी कार्यक्रमाच्या दिवशी प्रत्येक नव्या व्यक्तीला एका पुस्तकापुरते, पंधरा दिवसांचे, अनामत नसलेले कार्ड द्यावे आणि कार्डावर कार्यक्रमाची तारीख टाकावी. पुस्तक परत करण्यासाठी त्या व्यक्तीला यावेच लागते, आणि कार्ड जमा होताच तिसरा रकाना भरतो. कार्डाचा खर्च किरकोळ आहे. वर्षाअखेरीस अशी परत आलेली कार्डे कार्यक्रमवार वेगळी केली, तर कोणत्या संध्याकाळी ग्रंथालयाला नवे वाचक मिळाले हे कार्यकारी मंडळाला टेबलावरच दिसेल, आणि पुढील वर्षीच्या व्याख्यानमालेचा विषय, वेळ व जागा ठरविताना पाहुण्यांच्या यादीआधी ती गठ्ठी पाहता येईल.